पॉलिकार्प पळून गेले होते का? रविवारच्या शाळेतल्या एका प्रश्नाविषयी

जालना_रविवारची_शाळा यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. मी जालन्याची. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) रविवारच्या शाळेत दहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा वर्ग मी घेते. 23 फेब्रुवारी हा दुसऱ्या शतकात श्रद्धेपायी मारले गेलेले स्मुर्णा येथील बिशप पॉलिकार्प यांचा स्मरणदिन असल्यामुळे त्या आठवड्यात मुलांना त्यांच्याविषयी सांगावे, असे पाळकसाहेबांनी सुचवले आणि वाटण्यासाठी एका जुन्या छापील पत्रकाच्या झेरॉक्स प्रती दिल्या. पत्रक दोन परिच्छेदांचे आहे. त्यात त्यांचे ते प्रसिद्ध उत्तर आहे, त्यांना सिंहांपुढे टाकल्याचे लिहिले आहे, शेवटी देहातून पांढरे कबूतर उडाल्याचे लिहिले आहे, आणि मधेच एक वाक्य आहे की ‘अटक टाळण्यासाठी ते काही दिवस शेतावर लपून राहिले’.

वाचन संपताच मागच्या सतरंजीवरच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, ‘‘टीचर, मग ते पळाले होते ना?’’ बाकीची मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण त्याच्या आदल्याच रविवारी मी बायबलमधल्या स्तेफनाची गोष्ट सांगितली होती. स्तेफन दगड खात उभा राहिला, जागचा हलला नाही, हे मी फार रंगवून सांगितले होते, आणि त्याच मुलाने ते लक्षात ठेवले होते. पुढच्या रविवारी सांगते, असे म्हणून मी त्या दिवशी पाच मिनिटे आधीच प्रार्थना घेतली.

घरी आल्यावर पत्रक पुन्हा वाचले तेव्हा माझ्याच शंका वाढल्या. ते खरोखर लपले होते का, आणि लपले असतील तर मंडळीने ती गोष्ट झाकून का ठेवली नाही? सिंहांनी मारले की जाळले? मी दुसरीकडे ‘जाळले’ असे ऐकले आहे. ‘हुतात्मा’ हा शब्द वापरावा की दुसरा काही? आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे हुतात्मा म्हटले की 17 सप्टेंबरचे झेंडावंदन आणि रझाकारांशी लढलेली माणसे येतात, त्यामुळे ‘त्यांच्याकडे बंदूक होती का’ असाही एक प्रश्न आला होता. शिवाय माझ्या वडिलांचे म्हणणे असे की आपण प्रोटेस्टंट लोक संतांचे दिवस पाळत नाही, मग हा दिवस कशासाठी. जाणकारांनी सविस्तर लिहावे. मुलांना खोटे सांगायचे नाही, एवढीच माझी अट आहे.

पैठणचा_मास्तर यांचे उत्तर:

ताई, तुमच्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न स्मुर्णाच्या मंडळीलाही पडला असावा, असे मला वाटते, कारण त्यांनी लिहिलेल्या पत्रात त्याचे उत्तर अगदी सुरुवातीलाच देऊन ठेवले आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. इतिहास शिकवत असताना रोमी साम्राज्याच्या निमित्ताने हे पत्र वाचले आणि तेव्हापासून ते मनात राहिले आहे. ज्या काळात स्मुर्णात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर शहरात, हे घडले त्याच सुमारास टॉलेमी आपल्या भूगोलात आमच्या पैठणचा आणि तिथल्या सातवाहन राजा पुळुमावीचा उल्लेख करत होता. आपल्या तेरचा आणि पैठणचा माल भडोचमार्गे रोमी बाजारात जात होता. जग तेव्हाही एकमेकांना अगदीच अनोळखी नव्हते.

मूळ साधन म्हणजे स्मुर्णाच्या मंडळीने फिलोमेलियम या गावच्या मंडळीला लिहिलेले पत्र. बायबलबाहेर एखाद्या ख्रिस्ती माणसाच्या बलिदानाचा स्वतंत्र वृत्तांत म्हणून जे सर्वांत जुने लेखन आपल्यापर्यंत पोहोचले आहे ते हेच. पत्रात पॉलिकार्प यांच्या आधी दोन माणसे येतात. एक जर्मानिकस नावाचा तरुण. प्रांताधिपती त्याला ‘वयाकडे बघ, स्वतःची दया कर’ म्हणत होता, तरी त्याने श्वापदाला स्वतःच अंगावर ओढून घेतले. दुसरा क्विंटस, फ्रिगियाहून नुकताच आलेला. हा आपणहून पुढे झाला आणि आणखी काही जणांनाही त्याने पुढे ढकलले. मात्र श्वापदे प्रत्यक्ष पाहिली तेव्हा त्याचे अवसान गळाले, प्रांताधिपतीने त्याची समजूत घातली आणि त्याने शपथ घेऊन देवतांना नैवेद्य अर्पण केला. त्यानंतर पत्र लिहिणारे सरळ सांगतात की जे स्वतःहून जाऊन हजर होतात त्यांची आम्ही वाहवा करत नाही, कारण शुभवर्तमान असे शिकवत नाही. याच्या लगेच पुढच्या ओळीत पॉलिकार्प यांची हकिगत सुरू होते. तेव्हा शेतावर जाण्याची गोष्ट झाकण्याचा प्रश्नच नव्हता. क्विंटसच्या शेजारी ती मुद्दाम मांडलेली आहे.

आता ते शेतावर कसे गेले ते पाहा. जमावाने ‘पॉलिकार्पला शोधा’ असा ओरडा केला तेव्हा त्यांना शहरातच राहायचे होते. लोकांनी आग्रह केला म्हणून ते जवळच्या एका मळ्यात गेले आणि तिथे रात्रंदिवस सर्व मंडळ्यांसाठी प्रार्थना करत राहिले. अटकेच्या तीन दिवस आधी त्यांना आपली उशी जळत असल्याचा दृष्टान्त झाला आणि ते सोबतच्यांना म्हणाले की मला जिवंत जाळले जाणार आहे. शोध जवळ आला तेव्हा ते दुसऱ्या मळ्यात गेले. मागे राहिलेल्या दोन गुलाम पोरांना शिपायांनी पकडले, त्यांतल्या एकाने छळापुढे हार मानून ठिकाण सांगितले. शुक्रवारी संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला, घोडेस्वार आणि शिपाई हत्यारे घेऊन असे निघाले की जणू दरोडेखोराला धरायला चालले आहेत. पॉलिकार्प माडीवरच्या एका खोलीत होते. तिथूनही निसटता आले असते, असे पत्रात स्पष्ट लिहिले आहे. त्यांनी ‘देवाची इच्छा पूर्ण होवो’ म्हटले आणि खाली उतरून आले.

यापुढचा प्रसंग मुलांना अवश्य सांगा. एवढा म्हातारा माणूस धरण्यासाठी एवढी धावपळ कशाला, असे आलेल्या शिपायांनाच वाटू लागले. पॉलिकार्प यांनी त्यांच्यासाठी जेवण मागवले, हवे तेवढे वाढा म्हणून सांगितले आणि स्वतःसाठी प्रार्थनेला एक तास मागून घेतला. उभे राहून प्रार्थना सुरू केली ती दोन तास चालली. त्यांत आयुष्यात भेटलेल्या लहानथोर सगळ्यांची नावे आली. शिपाई तोवर जेवत होते आणि ऐकत होते, आणि त्यांच्यापैकी काहींना आपण आल्याचा पश्चात्ताप झाला. रात्री दारात आलेल्या पाहुण्याला उपाशी जाऊ न देण्याची रीत आपल्याकडच्या मुलांना समजावून सांगावी लागणार नाही. पाहुणा कोण होता, एवढेच सांगावे लागेल.

त्यांना गाढवावर बसवून शहराकडे नेले. वाटेत शहराचा फौजदार हेरोद आणि त्याचा बाप निकेतस भेटले. त्यांनी त्यांना आपल्या गाडीत घेतले आणि गोडीगुलाबीने समजावले की ‘कैसर (रोमी सम्राट) प्रभू आहे’ एवढे म्हणायला आणि चिमूटभर धूप टाकायला काय हरकत आहे. पॉलिकार्प आधी गप्प बसले, मग म्हणाले, तुम्ही सांगता ते मी करणार नाही. तेव्हा गोडी संपली आणि त्यांना इतक्या घाईने खाली ढकलले की उतरताना त्यांची नडगी खरचटली. पत्र म्हणते, काहीच झाले नाही अशा रीतीने ते मागे वळून न पाहता झपाझप चालू लागले. चमत्कारांपेक्षा मला ही खरचटलेली नडगी अधिक खरी वाटते, कारण गौरवकथा रचणाऱ्याला असला तपशील सहसा सुचत नाही.

स्टेडियममध्ये प्रांताधिपतीने आधी वयाचा विचार कर म्हटले, मग कैसराच्या दैवाची शपथ घ्यायला सांगितले आणि ‘नास्तिकांना दूर करा’ असे म्हणायला लावले. इथे मुलांना एक गोष्ट उलगडून सांगा. त्या काळी ख्रिस्ती लोकांनाच नास्तिक म्हणत असत, कारण त्यांच्याकडे मूर्ती नव्हती, देऊळ नव्हते, बळी नव्हता. पॉलिकार्प यांनी स्टेडियमभर बसलेल्या जमावाकडे गंभीरपणे पाहिले, त्यांच्या दिशेने हात केला, सुस्कारा सोडला, वर पाहिले आणि म्हणाले, ‘‘नास्तिकांना दूर करा.’’ शब्द तेच, रोख उलटा. मग ख्रिस्ताला शिव्या दे, सोडतो, असे प्रांताधिपती म्हणाला तेव्हा ते उत्तर आले: 86 वर्षे मी त्याची सेवा केली आणि त्याने माझे कधीच वाईट केले नाही, मग ज्याने मला तारले त्या माझ्या राजाची निंदा मी कशी करू?

सिंहांबद्दल तुमचे पत्रक चुकले आहे. जमावाने सिंह सोडण्याची मागणी केली हे खरे. मात्र खेळ भरवणारा मानकरी फिलिप म्हणाला की श्वापदांचे खेळ आटोपले आहेत, आता तसे करता येत नाही. मग लोकांनी आजूबाजूच्या कारखान्यांतून आणि हमामखान्यांतून लाकडे गोळा करून आणली. त्यांना जाळले, आणि आगीने काम होईना तेव्हा खंजीर खुपसला.

‘हुतात्मा’ शब्दाविषयी. ‘हुत’ म्हणजे अग्नीत आहुती म्हणून टाकलेले. चितेवर बांधलेल्या पॉलिकार्प यांचे वर्णन करताना पत्रात मोठ्या कळपातून होमबलीसाठी निवडलेल्या मेंढ्याची उपमा आहे, तेव्हा आपला मराठी शब्द त्यांना शब्दशः लागू पडतो, आणि ही गंमत ग्रीक वाचकाला कधी कळणार नाही. मात्र मूळ ग्रीक शब्द ‘मार्तुस’ याचा अर्थ आहुतीही नाही आणि मरणही नाही. त्याचा अर्थ साक्षीदार. कोर्टात उभा राहून पाहिले ते सांगणारा माणूस. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेली आपल्याकडची जुनी माणसे हे चटकन ओळखत, कारण ‘शाहिद’ म्हणजे साक्षीदार आणि ‘शहीद’ हा त्याच धातूचा शब्द. मुक्तिसंग्रामातल्या माणसांच्या हातात कधी शस्त्र होते, कधी नव्हते, तरी तो लढा होता. पॉलिकार्प लढले नाहीत, त्यांना प्रश्न विचारला गेला आणि त्यांनी उत्तर दिले. म्हणून मुलाला म्हणावे, साक्षीदाराला समन्स निघेपर्यंत कोर्टात जाऊन बसावे लागत नाही. हाक आल्यावर तो काय बोलतो ते पाहायचे असते.

घोगरगाव_परिसर यांचे उत्तर:

मास्तरांनी मूळ हकिगत इतकी नीट लिहिली आहे की मी फक्त कॅथलिक बाजूचे थोडे जोडतो. मी आमच्या धर्मग्रामात मुलांना धर्मशिक्षण देतो. आमच्याकडे मराठीत ‘रक्तसाक्षी’ हा शब्द चालतो आणि तुमच्या अडचणीवर तो मला बरा वाटतो, कारण त्यात साक्षही येते आणि तिची किंमतही. तुमच्या मराठी बायबलमध्येही स्तेफनाला ‘साक्षी’ म्हटले आहे, तेव्हा प्रोटेस्टंट मुलांना हा शब्द अगदी परका वाटू नये.

पॉलिकार्प यांचे मरण एवढेच सांगून थांबू नका, अशी माझी विनंती आहे. ते अनेक वर्षे बिशप होते, आणि येशूच्या शिष्यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या पिढीचा शेवटचा धागा त्यांच्या हातात होता. पुढे फ्रान्समधील लिआँचे बिशप झालेले इरेनेयस लहानपणी त्यांच्यासमोर बसत. म्हातारपणी एका जुन्या सोबत्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले आहे की अलीकडच्या गोष्टींपेक्षा मला त्या अधिक स्पष्ट आठवतात: ते कुठे बसून बोलत ती जागा, त्यांचे येणे-जाणे, त्यांचा चेहरामोहरा, आणि योहानाशी व प्रभूला पाहिलेल्या इतरांशी झालेल्या भेटीविषयी ते काय सांगत ते. आपण आजोबांच्या ओसरीवरच्या बैठकीविषयी जसे बोलतो तसेच ते आहे.

अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांना रोमला मृत्यूकडे नेत असताना वाटेत स्मुर्णाला मुक्काम झाला होता. पुढे गेल्यावर त्यांनी तरुण पॉलिकार्प यांना पत्र पाठवले आणि त्यात लिहिले की घाव पडत असलेल्या ऐरणीसारखा घट्ट राहा. मुलांनी लोहाराचा भाता पाहिलेला नसेल तर एखाद्या आठवडी बाजाराच्या गावी नेऊन दाखवा, उपमा वेगळी सांगावी लागणार नाही. इग्नेशियस यांची पत्रे गोळा करून फिलिप्पैच्या मंडळीला पाठवण्याचे कामही पॉलिकार्प यांनीच केले. त्या वेळी त्यांनी स्वतः लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. त्यात वालेन्स नावाच्या मंडळीच्या एका वडिलाने, म्हणजे पुढाऱ्याने, पैशाच्या लोभापायी पद घालवल्याचा उल्लेख आहे, आणि त्याला शत्रू समजू नका, आजारी अवयव समजून परत आणा, असे सांगितले आहे. मंडळीचे हिशेब पाहणाऱ्या कोणालाही हे पत्र आजही वाचून दाखवावे.

मात्र ते सदासर्वदा मवाळ होते असे समजू नका. मार्सियन नावाच्या पाखंडी शिक्षकाने एकदा ‘मला ओळखता का’ विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘ओळखतो, सैतानाचा थोरला मुलगा.’’ आणि अगदी म्हातारपणी ते रोमला गेले तेव्हा वल्हांडणाचा (ईस्टरचा) सण कोणत्या दिवशी पाळावा यावर बिशप अनिसेतस यांच्याशी त्यांचे एकमत झाले नाही. दोघांनीही आपले मत सोडले नाही, तरी अनिसेतस यांनी आदराने त्यांनाच पवित्र भोजनाचा विधी चालवायला दिला. तारखेचे भांडण तिथेच राहिले आणि माणसे समेटाने निरोप घेऊन निघाली.

तुमच्या वडिलांच्या शंकेविषयी: हा दिवस कॅथलिकांनी नंतर शोधलेला नाही. त्याच पत्रात लिहिले आहे की आम्ही त्यांच्या अस्थी, ज्या आम्हाला रत्नांपेक्षा मोलाच्या आणि सोन्यापेक्षा शुद्ध आहेत, योग्य जागी ठेवल्या, आणि शक्य होईल तेव्हा तिथे जमून त्यांच्या साक्षमरणाचा जन्मदिवस आनंदाने पाळू. मरणाच्या दिवसाला ते ‘जन्मदिवस’ म्हणतात. आणि लगेच हेही बजावतात की आराधना आम्ही फक्त ख्रिस्ताची करतो, रक्तसाक्षींवर प्रेम करतो ते प्रभूचे शिष्य म्हणून. हे वाक्य वडिलांना दाखवा, त्यांना ते आपल्याच बाजूचे वाटेल.

पैठणचा_मास्तर यांची पुरवणी:

वरच्या उत्तरातील ‘जन्मदिवस’ वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. मरणाचा दिवस उत्सवाचा कसा, हा प्रश्न मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला पडायचे कारण नाही. नाथांनी 1599 साली गोदावरीत समाधी घेतली तो दिवस म्हणजे आमची नाथषष्ठी, आणि त्या दिवशी पैठणला पाय ठेवायला जागा नसते. खुलताबादला उरूस भरतो. ‘उरूस’ या शब्दाचा मूळ अर्थच लग्न, म्हणजे संताचे मरण हे देवाशी झालेले मीलन. तिन्ही ठिकाणची श्रद्धा वेगळी आहे आणि ती एकच आहे असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मात्र वर्गात बसलेल्या मुलाला नाथषष्ठी आणि उरूस दोन्ही माहीत असतात, तेव्हा त्या अनुभवावरून पुढे जाता येईल.

लातूर_ग्रंथालय यांचे उत्तर:

चर्चा चांगली चालली आहे. ताईंनी खोटे सांगायचे नाही अशी अट घातली आहे म्हणून काही ठिकाणी सावधगिरीची सूचना देतो.

पहिली गोष्ट वर्षाची. वृत्तांताच्या शेवटी दिवस दिला आहे, ‘महान शब्बाथ’ (शब्बाथ म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस) म्हटले आहे आणि स्टेशियस क्वाद्रातस हा प्रांताधिपती असल्याचे म्हटले आहे. त्यावरून बहुतेक अभ्यासक 23 फेब्रुवारी 155 किंवा 22 फेब्रुवारी 156 धरतात. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस मात्र ही घटना मार्कस ऑरेलियसच्या राज्यात, म्हणजे 161 नंतर टाकतो. शिवाय 86 वर्षे हे वय की बाप्तिस्म्यापासूनची सेवा, यावर जन्मसाल अवलंबून असल्यामुळे ‘जन्म सन 69’ असे पत्रकात ठामपणे छापलेले असेल तर ते खोडून टाका. ‘दुसऱ्या शतकाच्या मध्यावर’ एवढे मुलांना पुरे.

दुसरी गोष्ट कबुतराची. ग्रीक हस्तलिखितांत खंजीर खुपसल्यावर कबूतर आणि इतके रक्त बाहेर आले की आग विझली, असे आहे. युसेबियसने हाच वृत्तांत जवळजवळ शब्दशः उतरवून घेतला, पण त्याच्या प्रतीत कबूतर नाही. त्यामुळे ते नंतर शिरले असावे, असे अनेकांचे मत आहे. आगीच्या वर्णनाला मात्र दोन्हीकडे आधार आहे: वाऱ्याने फुगलेल्या शिडासारखी ज्वाळा त्यांच्याभोवती कमान करून राहिली, आणि आत ते भाजत असलेल्या भाकरीसारखे किंवा भट्टीतल्या सोन्याचांदीसारखे दिसत होते, व धुपासारखा सुवास येत होता. हे पाहणाऱ्यांनी असे सांगितले, असे म्हणून मुलांपुढे ठेवावे. मूळ शब्द अर्थातच पावाचा आहे, भाकरी मी म्हटले.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा वृत्तांत येशूच्या दुःखसहनाच्या धर्तीवर जाणीवपूर्वक लिहिलेला आहे. घरच्याच माणसाने पत्ता देणे, शुक्रवार, गाढव, हेरोद नावाचा अधिकारी, हे सगळे जुळते, आणि लेखक ते जुळते असे स्वतःच सांगतात. म्हणजे ते बनावट आहे असे नाही, हेरोद हे नाव तेव्हा प्रचारात होते. पण त्याच ओघात स्मुर्णाच्या यहुदी लोकांवरही लाकडे गोळा करण्याचा ठपका ठेवला आहे, तोही शब्बाथच्या दिवशी, आणि त्याकडे इतिहासकार संशयाने पाहतात. पुढच्या शतकांत अशा वाक्यांचा फार वाईट उपयोग झाला. दहा वर्षांच्या मुलांपुढे ‘जमाव’ म्हणावे, एवढेच सुचवतो.

आणखी एक. प्रांताधिपतीला क्रूर राक्षस करू नका. सुमारे 112 साली सम्राट ट्राजनने बिथुनियाचा अधिकारी प्लिनी याला लिहून कळवले होते की ख्रिस्ती लोकांना हुडकत फिरू नये, निनावी तक्रारी घेऊ नयेत, पण कोणी समोर आणला गेला आणि देवतांना मानायला नकार देऊ लागला तर शिक्षा द्यावी. स्मुर्णाला तर सन 26 मध्ये सम्राट तिबेरियसचे मंदिर बांधण्याचा मान इतर शहरांशी चढाओढ करून मिळाला होता, त्यामुळे धूप नाकारणे हा तिथे गावाच्या इभ्रतीचाही प्रश्न झाला. प्रांताधिपती चार-पाच वेळा सुटकेची वाट काढून देतो. शेवटी पॉलिकार्प त्याला म्हणतात की ख्रिस्ती शिकवण काय ते समजून घ्यायचे असेल तर एक दिवस ठरव. तो म्हणतो, जमावाला पटवून दे. त्यावर ते म्हणतात, तुझ्याशी बोलणे मी योग्य समजतो, कारण अधिकाऱ्यांचा मान राखायला आम्हाला शिकवले आहे, या लोकांपुढे मात्र मी स्वतःची बाजू मांडणार नाही.

आणि वारशाचे म्हणाल तर सन 250 मध्ये, देकियस सम्राटाच्या छळात, त्याच स्मुर्णात मंडळीच्या पिओनियस नावाच्या एका वडिलाला, म्हणजे पुढाऱ्याला, पॉलिकार्प यांच्या स्मरणदिनीच पकडले गेले. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनीही तो दिवस पाळला जात होता. आजच्या इझमीरमध्येही त्यांच्या नावाचे सतराव्या शतकातले एक चर्च आहे.

जालना_रविवारची_शाळा:

सर्वांचे मनापासून आभार. काल वर्ग झाला. पत्रक बाजूला ठेवले आणि मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे आधी क्विंटसची गोष्ट सांगितली, मग मळ्याची. शिपायांना जेवायला वाढले हे ऐकून मुली ‘काय वाढले असेल’ यावर पाच मिनिटे बोलत होत्या, मी बोलू दिले. ज्याने प्रश्न विचारला होता तो नडगीपाशी थांबला. पॉलिकार्प यांनी चितेजवळ स्वतःचे जोडे सोडण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना ते जमेना, कारण इतकी वर्षे लोकच चढाओढीने त्यांचे जोडे काढत असत, हा तपशील मी नंतर वाचला होता. तो सांगितल्यावर वर्ग शांत झाला. वडील मागच्या बाकावर येऊन बसले होते. त्यांनी अस्थींचे वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि काही बोलले नाहीत, आमच्या घरात याचा अर्थ पटले असा होतो. फळ्यावर शेवटी ‘साक्षी’ हाच शब्द लिहिला.

एक प्रश्न राहिला आहे आणि तो त्याच मुलाचा आहे. पॉलिकार्प पळाले नव्हते हे त्याला आता मान्य आहे, पण क्विंटसला मंडळीने परत घेतले का, असे तो विचारतो.

पैठणचा_मास्तर:

पत्रात क्विंटसला दोन-तीनच वाक्ये आली आहेत आणि नैवेद्यापाशी ती संपतात. पण वर वालेन्सविषयी पॉलिकार्प यांनी स्वतः काय लिहिले होते ते आले आहे, ते त्याला वाचून दाखवा.